आठ की सात

"बाई, पेन्सिल एकच आहे! मी मोजली तर सात सेंटिमीटर, न् हिनं मोजली तर आठ. असं कसं?"

दुसरीचा अख्खा वर्ग बाईंकडे बघू लागला. मागच्या बुटक्या बाकावर कसेबसे मावलेले तपासनीसही. हातातल्या पट्टीवरच्या रेघा बाईंना दिसतच नव्हत्या. नुसता करडा पट्टा दिसत होता.

वर्षभर असंच निभावलं होतं. हजेरी पाठ, धडे पाठ, फळ्यावरचं लिहिणं हाताच्या सवयीनं. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. सकाळीच लेक म्हणाली होती, "आई, सांगून टाक गं मोठ्या बाईंना. किती दिवस झाकशील?" त्यावर बाई उगाचच तिच्यावर खेकसल्या होत्या.

"सांगा ना बाई, कोण बरोबर?"

अंदाजानं ठोकून द्यावं? बाई आठ म्हणणाऱ्या मुलीकडे वळल्या.

"आठवाली, तू पट्टी कुठून लावलीस गं?"

"एकापासून. मोजताना एकापासूनच मोजतात ना!"

"मग शून्यापासून एकापर्यंतची जागा कुणाला देऊन टाकलीस? मांजराला?"

वर्ग खो खो हसला. मुलीनं पेन्सिल सरकवली. "अय्या, सातच की!"

बाईंच्या जिवात जीव आला, तोच तपासनीस उठून पुढे आले. "छान. आता हा खडू तुम्हीच मोजून दाखवा. अगदी बारीक रेघेपर्यंत."

शून्याचं टोक बाईंनी नखानं चाचपून लावलं. दुसरं टोक मात्र धुक्यात. काहीतरी सांगून टाकलं असतं, कदाचित खपलंही असतं. पण ती आठवाली चवड्यांवर उभी राहून बघत होती. तिला आत्ता कुठे उमगलं होतं.

"साहेब," बाई म्हणाल्या, "मला या रेघा दिसत नाहीत. वर्ष होऊन गेलं."

"मी सांगू, बाई?" मुलीनं नाक पट्टीला टेकवलं. "चार... न् पुढं तीन बारक्या."

"लिही फळ्यावर."

तास संपल्यावर तपासनीस दाराशी घुटमळले. "मला हे नोंदवावं लागेल, बाई."

"नोंदवा की. पण धडा पुरा झाला, तेही नोंदवा."

इतके दिवस बाई पायऱ्या मनात मोजत, ताठ मानेनं जिना उतरायच्या. आज त्यांनी सगळ्यांदेखत कठडा धरला आणि धावत्या पोरांच्या गलक्यातून, एकेक पायरी पायानं चाचपत, मोठ्या बाईंच्या खोलीकडे निघाल्या.