पाखरं हाकणारा डबा

ठण्ण! दचकलात? मग बरोबर. मी पत्र्याचा डबा बोलतोय, आणि दचकवण्यावरच माझं नाव झालंय.

एक्क्याण्णव सालच्या दिवाळीला गोडेतेल घेऊन मी नाशकातल्या द्वारका भागातल्या दुकानातून जवळच्याच मखमलाबादच्या मळ्यात आलो. तेल चकल्यांत गेलं, मग पोटात गहू बसला. झाकण हरवलं तेव्हा मळ्याचे मालक गोटीरामभाऊ यांनी मला बाजरीतल्या मचाणावर नेलं. तिथं त्यांचा कॉलेजात जाणारा मुलगा कुंदन, हातात दोन काटक्या. मला बडवायचं, "हाऽ हाऽ हुर्रर्र" ओरडायचं आणि चिमण्या उठवायच्या, एवढंच काम.

पण या पठ्ठ्याचा हात कसला गोड! दिवसभर एकच सुरेख ठेका. चिमण्यांना त्याची इतकी सवय झाली, की खुशाल कणसांवर बसून दाणे टिपायला लागल्या.

भाऊंचा पारा चढला. "पाखरं हाकायला बसवलंय का त्यांची वरात काढायला? बाजरी गेली तर तुझं ते बँड-बिंड बंद! इंदिरानगरला पाय ठेवायचा नाय!"

शहरात इंदिरानगरला साई नावाच्या मित्राच्या गच्चीवर त्यांचा रॉक बँड जमायचा. ड्रम वाजवायचे आणि गाणी लिहायची, कुंदनचा सगळा जीव त्यातच. पोरगं अगदी रडकुंडीला आलं. मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू!

मग त्यानं ठेकाच मोडला. छान चाललेलं वाजवणं मध्येच तोडायचं, गप्प बसायचं, आणि ध्यानीमनी नसताना ठण्ण! चिमण्या भुर्र. त्या गप्प बसण्यात त्याला शब्द सुचायचे: "खा पाखरा पोटापुरतं, आईच्या भाकरीपुरतं ठेव." बाजरी वाचली, बँडही वाचला.

पुढे याच मोडक्या ठेक्यानं आणि शब्दांनी कुंदन गाजला. कॅसेटी निघाल्या, गावोगावी कार्यक्रम झाले. कॉलेजची पोरं बाकावर "कुंदनची ठण्ण" वाजवायला लागली, आपापल्या शिवाराची गाणी लिहायला लागली. चकचकीत ड्रमांशेजारी मी असायचोच, ऐटीत! भाऊ मात्र कधी आले नाहीत. "डबा बडवणं हा काय धंदा झाला?" म्हणायचे. कुंदनला ते फार लागायचं.

दोन हजार तीनला नाशकातच कार्यक्रम ठरला. कुंदनची आई, नवसाबाई, भाऊंना जवळजवळ ओढतच घेऊन आली. पहिल्या रांगेत टोपी सावरून, तोंड वाकडं करून बसले. त्यांना बघून कुंदननं मला पुढ्यात ओढलं. पाखरांचं गाणं सुरू झालं, ठेका तुटला, सगळं शांत. ठण्ण!

आणि भाऊ सवयीनं ताडकन उठले. दोन्ही हात वर करून ओरडले, "हाऽ हाऽ हुर्रर्र!"

क्षणभर कुणाला काही कळेना. मग अख्खं मैदान ओरडलं, "हाऽ हाऽ हुर्रर्र!" भाऊ आधी ओशाळले, मग खो-खो हसले. कुंदन वाजवतच होता, बाहीनं डोळे पुसत. तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमात लोक तसंच ओरडतात.

आता माझे कोपरे चेपलेत, बूड गंजलंय. मध्यंतरी कुणीतरी मला भंगारात द्यायचं काढलं, तर भाऊ कडाडले, "हात तर लावून बघ!" आता मी त्यांच्या ओसरीवर असतो. आसपास कुणी नाही असं बघून ते मला हळूच वाजवतात. ठेक्याचा पत्ता नाही हो! मळ्याकडे आलात तर जरूर ऐका, फक्त हसू नका.