यंदाची आखणी

नाथाने आणखी एक गणपती उचलला आणि भिंतीकडे तोंड करून ठेवला. जोह्यातल्या त्याच्या कारखान्यात साचा, माती, रंग सगळं त्याचं. डोळ्यांची आखणी तेवढी बायकोची, चंद्रावतीची. तिच्यासारखे डोळे पंचक्रोशीत कुणी काढत नसे, आणि आजवर त्याला त्याचा अभिमानच होता.

यंदाचे डोळे वेगळे होते. अर्धे मिटलेले, जागरणाने जड, आणि समोरच्याने काहीतरी केलंय अशी पक्की खात्री असलेले.

सकाळी रोह्याचे व्यापारी हैबतराव मूर्ती बघायला आले होते. एका गणपतीसमोर उभे राहिले, रुमालाने मान पुसली, परत पुसली.

"नाथा, गेल्या साली तुझी छत्री मीच नेली."

आणि चहा न घेता एसटी पकडायला गेले.

हे डोळे कुणाचे, ते नाथाने मनाशी ठरवलं होतं. पावसाळ्याआधी दोघं पेणला टॉकीजमध्ये गुप्तहेराचा जुना काळा-पांढरा सिनेमा बघून आली होती. गल्ल्या खऱ्या, चिखल खरा, गुप्तहेराचा कोट मळका, दाढी वाढलेली, वर त्याला सर्दी. लोक कुरकुरत बाहेर पडले. आपल्यासारखाच माणूस बघायला तिकीट कशाला काढायचं? चंद्रावती मात्र परतताना म्हणाली होती, "खरा वाटला."

नाथाला ती इतक्या वर्षांत असं कधी म्हणाली नव्हती. तेव्हापासून त्याची झोप उडाली आणि नजर तिच्यावरून हलेना. त्याने दाढी वाढवली. सर्दी व्हावी म्हणून विहिरीवर डोकं भिजवून वाऱ्यात बसला. सर्दी झालीही, तिने सुंठेचा काढा पाजून घालवली.

आता ती आत आली, तर सगळे देव पाठमोरे.

"ह्यांना कसली शिक्षा?"

"डोळे कोणाचे गो हे?"

"गणपतीचे."

"त्याचे हायत. त्या सर्दीवाल्याचे."

चंद्रावतीने रंगाची वाटी खाली ठेवली.

"त्याचे डोळे दिसले कुठं? सबंध सिनेमाभर टोपी नाकापर्यंत. तुमी बघितलं नाय?"

नाथाने बघितलं नव्हतं. टॉकीजच्या अंधारात तो सारा वेळ तिच्या तोंडाकडे बघत बसला होता.

"मग कोणाचे?" त्याने डोळे बारीक करून विचारलं.

तिने एक कोरी मूर्ती जवळ ओढली आणि ब्रश काळ्या रंगात बुडवला.

"हलू नका," ती म्हणाली. "असंच बघत ऱ्हा."