राजघाटावर हेराल्ड

कावळा येईना.

केळीच्या पानावर पिंड, शेजारी मावा जलेबी, वाटीत चहा. नवऱ्याला, दत्तात्रयला, जे जे आवडायचं ते मांडून अर्धा तास झाला होता. कावळे होते. समोरच्या झाडावर अकरा तर शोभाने स्वतः मोजले. पण एक खाली उतरेल तर शपथ.

उतरणार कसा? पिंडापासून पंधरा पावलांवर ती उभी होती ना. चौसष्ट सालची हेराल्ड. दोन दारांची, वरून सायीच्या रंगाची, खालून हिरवी, बॉनेटवर झेंडूचा हार. ही अक्कल धाकट्या दिराची, लीलाधरची. "दादाला शेवटची दिसू दे ना, वहिनी," म्हणत त्याने ती उतारावरून पार आत आणली. दादाला दिसली की नाही कोण जाणे, सगळ्या बुऱ्हाणपूरला दिसली. नावाडी आले. अंघोळ करणारे ओल्या टॉवेलवर आले. दुसऱ्या कुणाच्या दहाव्याला आलेले आपला पिंड सोडून आले.

"भाई, मॉडल कौनसा है?"

"ॲव्हरेज किती देते?"

"एक फोटो. बस, एक."

पों.

कुणीतरी हॉर्न दाबला. अकराही कावळे उडाले, नदीवर चक्कर मारून पुन्हा झाडावर बसले.

वचनं

लीलाधरने हात जोडले. "दादा, तुझ्या गौरवचं लग्न थाटात करून देऊ."

कावळा नाही.

"दादा, वहिनीला सांभाळू."

मला सांभाळायला मी काय गाडी आहे, शोभाच्या मनात आलं. कावळा नाहीच.

"अरे, गाडीचं बोला, गाडीचं!" गर्दीतून एकजण ओरडला. त्याचा ना दत्तात्रयशी संबंध, ना कावळ्याशी.

लीलाधरचा चेहरा उजळला. "खरंय. जीव तिच्यातच अडकलाय. वहिनी, तुम्ही म्हणा. 'गाडी विकणार नाही, दारातच ठेवीन.' बघा लगेच उतरतो की नाही."

दहा दिवसांत शोभाने एकच गोष्ट ठरवली होती, ती म्हणजे हे धूड दारातून जाणार. पण पिंडापुढे, चार माणसांत एकदा शब्द गेला की गेला. तो मोडायची तिची छाती नव्हती. ती मरेपर्यंत हेराल्ड दारात, आणि दारात तेच प्रश्न.

मॉडेल, जे कुणी विचारलं नाही

मागच्या सीटचं मॉडेल असं. पुढची सीट वाकवायची, आत शिरायचं, मग पुढे दुसरं कुणी बसायचं. साहेब. मित्र. मित्राचा मित्र. पुढचा उतरला नाही तर मागचा उतरू शकत नाही. शोभा एकवीस वर्षं मागे बसली.

एकदा तिच्या माहेरून, जसोंडीहून, फोन आला होता. बाबांचं काही खरं नाही, निघा.

निघाले.

शनवाऱ्याच्या चौकात दत्तात्रय चहासाठी थांबला. दोन मिनिटं म्हणाला. लोक जमले. त्याने बॉनेट उघडून दाखवलं. हेराल्डचं बॉनेट मडगार्डांसकट अख्खं पुढे उलटतं, लोक तोंडात बोट घालतात. घातलं. पुढच्या सीटवर एक वकील येऊन बसला, डॅशबोर्डवरून हात फिरवत. शोभा मागून काच बडवत होती, "अहो, चला ना, अहो!" वकील वळून हसला. "भाभी, नशीबवान आहात."

जसोंडीला पोचले तेव्हा बाबांना अंगणात ठेवलं होतं.

तिथेही दोघंजण रडता रडता उठून गाडी बघून आले.

पुन्हा घाट

"वहिनी, म्हणा."

"आई, बोल दे ना," गौरव कुजबुजला. नुकतंच मुंडण झालेलं त्याचं डोकं उन्हात चमकत होतं. "एक लाइनच तर आहे."

पों.

शोभा उठली.

"कोण रे तो? उतर! उतरा सगळे खाली! माझा माणूस मेलाय इथे, जत्रा नाही भरली!"

बॉनेटवर कोपर टेकवून फोटो काढणारा तसाच अवघडून राहिला.

"वहिनी, लोक कौतुकाने..."

"पुरे झालं कौतुक! प्रेत घरात होतं, भाऊजी, तेव्हाही माणसं आधी गाडीकडे गेली, मग आत आली. मी पाहिलंय दारातून. तुम्हीही त्यांना आतलं इंजिन दाखवत होता."

लीलाधर खाली बघू लागला. "पण वचन..."

"नाही देणार." ती गुरुजींकडे वळली. "गुरुजी, दर्भाचा कावळा करा."

बायकांनी तोंडाला पदर लावले. खरा कावळा झाडावर असताना गवताचा करायचा? लीलाधर कळवळला, "दादा अतृप्त गेला म्हणतील लोक!"

"गेला असेल. मी नाही राहिले अतृप्त?"

गुरुजींनी दर्भाच्या चार काड्या वळल्या, गाठ मारली, गौरवच्या हातात दिल्या. दर्भ पिंडाला शिवला. झालं.

तेवढ्यात गॉगल लावलेला एकजण पुढे आला. "सॉरी हां, काकी. टायमिंग चुकीचंय. पण गाडी... विकायची आहे का?"

हा प्रश्न दत्तात्रयला रोज कुणीतरी विचारायचं. तो छाती फुगवून म्हणायचा, "जीव गेला तरी नाही!" मग विचारणाराही खूश, तोही खूश.

"विकायची आहे," शोभा म्हणाली. तिने लीलाधरच्या मुठीतून किल्ली ओढून घेतली. "घे. आत्ता घेऊन जा."

गॉगलवाला एक पाऊल मागे सरला. "नाही, म्हणजे... मी असंच विचारलं."

"असंच?"

"शौक म्हणून."

"एकवीस वर्षं शौक म्हणून?" ती फोटोवाल्याकडे वळली. "तुला पाहिजे?" त्याने फोन खिशात घातला. "तुला? हॉर्न वाजवायला येतो ना तुला?" ओल्या टॉवेलवाला नदीकडे बघू लागला.

किल्ली पुढे धरून शोभा राजघाटाच्या पायऱ्या चढू लागली, आणि जो तो अंग चोरून बाजूला होत गेला.