पाटी होती ना!

लॉर्ना पडली ती किराणा दुकानातल्या गोठवलेल्या मटाराच्या फ्रीझरपाशी. खुबा मोडला. फ्रीझर हिवाळ्यापासून गळत होता, हे अख्ख्या गावाला ठाऊक. दुकानवाल्यांनी गळती काढली नाही, शेजारी पिवळी पाटी उभी केली. 'सावधान, फरशी ओली.'

लॉर्नाचा नवरा व्हर्नन स्टकी एका वकिलाकडे गेला.

"पाटी होती ना? मग केस गेली," वकील म्हणाला. "मेकॅनिकपेक्षा पाटी स्वस्त, व्हर्न. ते कशाला दुरुस्त करतील?"

ओहायोच्या त्या गावात व्हर्ननसारखा खोड्याळ दुसरा नव्हता. पण त्या दिवशी त्याचं डोकं असं सणकलं की हसूच येईना. पाटी स्वस्त काय? थांबा लेको, महाग करून दाखवतो.

शाळा, चर्च, बोलिंगचा अड्डा, जिथे जिथे फरशी पुसणारा दोस्त होता तिथून त्याने पिवळ्या पाट्या उचलल्या. बुधवारी म्हाताऱ्यांना सवलत असते. त्या सकाळी दुकानाच्या दारापासून पार्किंगपर्यंत पाट्यांची रांग!

पहिल्या आल्या मिसेस हॉकेनबेरी, दोन्ही गुडघे नवेकोरे. जागीच थबकल्या. "अगंबाई, आत तळं झालंय की काय?"

"मी काय सांगू?" पाट्यांशेजारी उभा व्हर्नन म्हणाला. " पाटी वाचा. पडलात तर छदाम मिळायचा नाही."

बाईंनी गाडी वळवली ती थेट रस्त्यापलीकडच्या दुकानात. मागोमाग सगळी म्हातारी फौज.

मॅनेजर ट्रेंट टाय सावरत धावला. "मिस्टर स्टकी, वेड लागलंय का? इथे फरशी ठणठणीत कोरडी आहे!"

"फरशीला कोण विचारतंय, पोरा? पाटी आहे ना? बस्स. तुमचाच कायदा."

"पोलीस बोलावीन!"

"बोलाव. सावध केल्याचा गुन्हा लाव माझ्यावर. पण आधी मेकॅनिक बोलाव. तोवर मी हलत नाही."

ट्रेंटने रिकाम्या पार्किंगकडे पाहिलं आणि मुकाट फोन लावला.

मेकॅनिक दुपारच्या आत हजर! व्हर्ननची कॉफी संपेस्तोवर काम उरकलंसुद्धा. झिजलेलं रबरी वायसर त्याने कचऱ्यात टाकलं, ते व्हर्ननने उचलून खिशात घातलं.

घरी लॉर्ना वॉकर धरून उभी होती. व्हर्ननने किस्सा रंगवून सांगितला, वायसर टेबलावर ठेवलं. त्याला वाटलं, आता ही पोट धरून हसणार.

तिने ते इवलंसं वायसर उचलून पाहिलं. "एवढ्यासाठी मोडला माझा खुबा?"

"एवढ्यासाठी."

"पाट्या परत देऊ नकोस," ती दातओठ खात म्हणाली. "औषधाच्या दुकानाची पायरी अजून तुटकीच आहे. आणि उद्या मीही येणार."