गंगाबाईंचं नवं औषध

काशीला जाऊन आलेलं माणूस आवडीची एक गोष्ट सोडतं. शहाणी माणसं कारलं सोडतात, फार तर दुधी. पनवेलच्या गंगाबाई मात्र भर घाटावर शेजारच्या गोदूशी इरेला पडल्या आणि त्यांनी गोड सोडलं. त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून चहासुद्धा बिनसाखरेचा, आणि चिडचिड सगळी सुनेच्या वाट्याला.

सून मालू, माहेरची चिरनेरची. या दोन वर्षांत तिला भाऊबीजेला जायला मिळालं नव्हतं, कारण दिवाळी आली की गंगाबाईंना नेमका अशक्तपणा यायचा. उठवत नाही, बसवत नाही, सून गेली तर पाणी कोण देणार? यंदा तिचा भाऊ आनंदा याने न्यायला येतो म्हणून निरोप धाडला होता. काय वाटेल ते होवो, यंदा जायचंच, असं मालूने मनाशी पक्कं केलं.

भाच्यांसाठी तिला चॉकलेटच्या वड्या न्यायच्या होत्या. पलीकडच्या मास्तरीणबाई वेणूताईंनी अर्धा डबा कोको दिला आणि कृतीही सांगितली. दूध, साखर, कोको आटवायचं, थेंब पाण्यात टाकून गोळी वळते का बघायचं, मग लोणी घालून घोटायचं आणि ताटात थापायचं. गोळी आता वळणार एवढ्यात आतून सासूची हाक आली, गुडघे चेपायला ये. झालं! मालूने पातेलं उतरवलं, गुडघे चेपून आली, आणि ताटात जे ओतलं ते संध्याकाळपर्यंत थिजलंच नाही, नुसतं लोळत राहिलं. शेरभर साखर फुकट गेल्याचं सासूला कळलं असतं तर माहेरचं नावच काढायला नको. म्हणून तिने तो सगळा काला खरवडून अवलेहाच्या रिकाम्या बरणीत भरला आणि बरणी फळीवर मागे सारली.

अवलेह हे गंगाबाईंचं शक्तीचं औषध. मुलगा काशिराम गावातल्या औषधांच्या कारखान्यात कामाला होता, तो आणून द्यायचा. काळं, चिकट, चमच्याने चाटायचं. औषधाला कुणी गोड म्हणत नाही, त्यामुळे काशीचा नेम शाबूत राहायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी मालू चूल पेटवायला आली, तर गंगाबाई फळीपाशी उभ्या. हातात तीच बरणी, तोंडात चमचा.

सांगावं, तर नेम मोडल्याचं पाप आपल्या माथी. मालू तोंड उघडणार, तेवढ्यात गंगाबाईंनी चमचा उलटा करून पाठीमागूनही चाटला आणि डोळे मिटले. असलं समाधान त्या चेहऱ्यावर मालूने दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. तिने भीत भीत विचारलं, औषध कसं वाटतं?

"कडू हाय," गंगाबाई म्हणाल्या, "पन औषध म्हनल्यावर घ्यायला पायजे." आणि त्यांनी दुसरा चमचा भरला.

मग मालू कशाला बोलते! पदर तोंडात कोंबून ती मागच्या दारी गेली आणि पोट दुखेस्तोवर हसली.

दोन वेळचं औषध चार वेळा सुरू झालं. गंगाबाई उठून अंगण सारवू लागल्या, चकल्यांचा सोऱ्या स्वतः दाबू लागल्या. नव्या औषधाचा गुण गोदूच्या दारात जाऊन सांगून आल्या. गोदूने चमचाभर मागितलं, तेव्हा मात्र ज्याचं औषध त्यानंच घ्यावं म्हणून चालत्या झाल्या. पाडव्याला बरणीचा तळ दिसला. एवढी ठणठणीत सासू आता अशक्तपणा कुठून आणणार, म्हणून मालूने खुशाल गाठोडं बांधलं.

भाऊबीजेला सकाळीच आनंदा आला. त्याला बघताच गंगाबाई घोंगडीवर आडव्या झाल्या आणि कण्हू लागल्या. मालूला असा संताप आला की डोळ्यांत पाणीच उभं राहिलं. पण या खेपेला तिने तांब्या उचलला नाही. तिने फळीवरची रिकामी बरणी काढली आणि सासूच्या उशाशी आणून ठेवली.

"आत्या, ह्या औषधाचा तुमाला काय गुण नाय. आजपासून बंद करू. पयलंच आनायला सांगते यांना."

कण्हणं थांबलं. गंगाबाईंनी एक डोळा उघडून बरणीकडे पाहिलं, मग सुनेकडे. हळूहळू त्या उठून बसल्या. आनंदाला त्यांनी ओटीवर जाऊन पाणी प्यायला सांगितलं, आणि तो गेल्यावर मालूला जवळ ओढलं.

"जा तू. चार दिस ऱ्हा चांगली. पन आल्यावर परत कर ते औषध, नीट वड्या पाड त्याच्या." मग आवाज आणखी खाली आणून म्हणाल्या, "आन ह्या टायमाला मी हाक मारली तरी पातेलं उतरवू नको."