चुना न लावलेली वीतभर भिंत

स्थळ: गिरगाव. एका वाडीतल्या चाळीची मागची भिंत, मोरीबाहेरची ओल.

काळ: १८९७, माघ. शहरात गाठीचा ताप.

मूळ: नाही. पान: नाही. नुसत्या हिरव्या काड्या. काडीला दोन फाटे, त्या फाट्यांना पुन्हा दोन. नेच्याची ही कुणी आदिम भावकी, असं गंगाधर कारकुनाचं ठाम मत. फाट्यांच्या बगलेत मोहरीएवढी, तीन कप्प्यांची बोंडं धरली होती. ती पिवळी होऊन फुटली की आतली बीजासारखी पूड हाती लागणार. म्हणून सरकारने सक्तीने सगळी चाळ पांढरी केली तेव्हा त्याने चुनेवाल्याच्या हातापाया पडून तेवढी भिंत सोडवून घेतली.

चूक: ती वीत लांबून दिसते.

दुपारी तपासणीवाले आले, मुकादम गुणाजी आणि एक गोरा साहेब. भिंतीपलीकडे, आत, कणगीमागे त्याची नऊ वर्षांची नलू पडली होती. काल ताप, आज काखेत गाठ. आई दुर्गा तिच्या तोंडावर पदर धरून बसलेली. सापडली तर इस्पितळात नेणार, आणि तिथून वाडीतलं कुणी परतलं नव्हतं.

"इथंच चुना संपला काय हो, रावसाहेब?" गुणाजी म्हणाला. "की भिंत तुमची लाडकी?"

गंगाधर एकदम इंग्रजीत सुटला. मूळ नाही, पान नाही, फूल नाही, तरी जगतं. आतून कण्हणं आलं की हा आवाज चढवी. साहेब चक्क गुडघ्यावर बसला. त्याला झाडांचं वेड निघालं. टिपणवही आहे का, त्याने विचारलं.

आत आहे, गंगाधर बोलून गेला.

साहेब दाराकडे वळला.

गंगाधरने काड्या बुडापासून उपटल्या. आत्ताच ओल्या फडक्यात नेल्या नाहीत तर मरतील, असं साफ खोटं सांगून त्या साहेबाच्या हातात कोंबल्या. साहेब लगबगीने निघाला. वळून म्हणाला, वही बघायला उद्या सकाळी येतो, आत निवांत बसू. गुणाजीने उघड्या विटांवर चुन्याचा कुंचला फिरवला.

"गेले?" दुर्गाने आतून विचारलं.

"गेले. उद्या येणारेत."

"उद्यापर्यंत उतरेल का हो हिचा ताप?"

गंगाधरने आत येऊन नलूच्या काखेत हात घालून पाहिला. सकाळी सुपारीएवढी असलेली गाठ आता लिंबाएवढी लागली.