शेवटचा गोळा

"नंदा, सर बाजूला," सासूबाई म्हणाल्या. हातात कुदळ होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मी चुलीपुढून हलले नाही. "आत्याबाई, एवढी ऱ्हाऊ द्या. मायच्या हातची शेवटची हाय."

"म्हणूनच तर फोडायची. घालणारी गेली, अन् सवाष्णीचा हात लागलेला न्हाई. माझ्या लेकाच्या जिवाचा सवाल हाय, बाई."

त्यांचा लेक म्हणजे माझा नवरा. मी सरकले.

त्याच सकाळी आम्ही वऱ्हाडातून गावात परतलो होतो. रझाकारांच्या भीतीनं सारं गाव हद्द ओलांडून पलीकडे गेलं होतं. निजामाचं राज्य गेल्याचं कळलं तेव्हा कुठे लोकांनी परत गाड्या जुंपल्या. माझी आई मात्र गावातच राहिली होती. जाताना मी तिच्या पाया पडून विनवलं, तर म्हणाली, "मी कुठं येऊ? किल्ल्या ठिवून जा सगळ्याजणी. पावसात घरं गळतेत, चुली इरघळतेत." परतलो तेव्हा वेशीपाशी म्हातारा कडूबा उभा होता. त्यालाही चालवत नव्हतं म्हणून तो मागं राहिला होता. "तुळजाक्का मागल्या आठवड्यात तापानं गेली," तो म्हणाला. "जाता जाता साऱ्याइच्या चुली नव्यानं घालून ठिवल्या तिनं." एवढं सांगून तो सरपण आणायला रानात निघून गेला. मला धड रडताही आलं नाही, कारण बायकांमध्ये लगेच कुजबुज सुरू झाली.

आई ऐन तारुण्यात विधवा झाली. दिरांनी घरात कोपरा देऊ केला, तो तिनं घेतला नाही. वाट्याचं रान स्वतः कसलं आणि गावच्या चुली घातल्या. ओढ्याची चिकण माती, पडक्या भिंतीची पांढरी, घोड्याची लीद आणि तूस, असं सगळं तुडवून ती माती लोण्यासारखी करायची. चूल घालण्याआधी त्या घरच्या बाईला खाली बसवून भाकरी थापल्याचं सोंग करायला लावायची आणि तिचे हात, गुडघे बघत राहायची. गोजरबाई डावखुरी, तर तिच्या चुलीचा वैल, म्हणजे बाजूचं जोडतोंड, डाव्या अंगाला. मागच्या, भिंतीकडच्या बाजूला कुठे पोपट, कुठे ज्वारीचं कणीस उठवायची. "भिंतीकडं कोण बघतंय, माय?" मी विचारायची. "चूल बघती की," ती म्हणायची.

पण विधवेनं घातलेली चूल कशी चालावी? त्यावर गावानं तोड काढली होती. सगळी चूल आईनं घालायची आणि मागच्या अंगाला मूठभर जागा रिकामी ठेवायची. मग कुणी सवाष्ण हळदीकुंकू वाहून तिथं शेवटचा गोळा लावायची. त्या चुलीचं नाव तिचं आणि चोळीखणही तिलाच. आई तोवर उंबऱ्याबाहेर हात धूत उभी असायची. सासूबाईंनीच असे कितीतरी गोळे लावले होते. त्या दोघी जिवाभावाच्या मैत्रिणी होत्या, हे मुद्दाम सांगते. मला अजून राग येतो तो त्याचाच.

कुदळीच्या तीनचार घावांत चूल बसली. शेजारच्या घरांतूनही तसेच आवाज येत होते.

दुपार कलली तेव्हा कडूबा सरपणाची मोळी घेऊन दारात आला. आतला ढिगारा बघून त्यानं मोळी तिथंच टाकली.

"हे काय करून राह्यल्या, वैनी?"

"मंग काय करावं?" सासूबाई म्हणाल्या. "एकटीनं घातल्या न् तिनं. गावात सवाष्ण कुठं होती?"

ढिगाऱ्यात वाकून कडूबानं चुलीच्या पाठीचा एक मोठा तुकडा उलटा केला. त्यावर ज्वारीचं कणीस होतं आणि कणसाखाली मूठभर जागा रिकामी होती. मग कोनाड्यातून त्यानं पळसाच्या पानांचा एक पुडा काढला. आत मातीचा गोळा होता, ओला.

"समद्या घरात ठिवलाय," तो म्हणाला. "मला म्हणली, 'कडूबा, रोज पाणी मारत जाय. त्या आल्या की लावतील. लेकरं भुकेजून येतील, जल्दी भाकर व्हाया पायजे.' मी रोज मारून राह्यलो. तुमाला सांगायचं तेवढं ऱ्हायलं."

सासूबाईंनी तो पुडा दोन्ही हातांत घेतला.

लेकरं खरोखरच भुकेजली होती. संध्याकाळी घरोघर अंगणात तीन दगड मांडले गेले. ओलं सरपण पेटेना, धुरानं सगळ्यांचे डोळे लाल झाले, म्हणून कोण रडतंय ते कळत नव्हतं. चूल घालायची तर माती किती आणि लीद किती, हे कुणालाच सांगता येईना. मलाही नाही. शिकवते म्हणून आई बोलवायची, तेव्हा सासूबाईच म्हणायच्या, "कशाला? ती हाय की." साऱ्या गावाला फक्त शेवटचा गोळा लावता येत होता.

मी भाकरी थापायला बसले. सासूबाईंनी हळदीकुंकू आणलं, तो गोळा घेतला आणि मागच्या दगडाला लावला. दगडाला तो धरेना. पुन्हा लावला, पुन्हा सुटून आला.

"ऱ्हाऊ द्या, आत्याबाई," मी म्हणाले.

त्यांनी ऐकलं नाही. दगड तापले, तरी शेवटची भाकरी होईपर्यंत त्या तो गोळा हातानं दाबून धरून बसल्या.